वजनकाटा, मातृत्व आणि घराचे कर्तव्य



आरे हे नाव मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांनी दुधाच्या केंद्रावर वाचले आहे. १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेला ही दुग्धवसाहत उभी राहिली. शहरातल्या कोंदट तबेल्यांतील म्हशी येथे आणाव्यात, त्यांना मोकळी हवा आणि हिरवा चारा मिळावा आणि मुंबईच्या घराघरांत स्वच्छ दूध पोहोचावे, ही त्यामागची योजना होती. मुंबईचे तत्कालीन दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी ती तडीस नेली. १९५१च्या मार्च महिन्यात पंतप्रधान पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचे रीतसर उद्घाटन झाले. १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह खुरोडी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या काळी राष्ट्रापुढचा प्रश्न एकच होता : माता आणि बालक यांना पोटभर व सकस अन्न कसे मिळेल?

आज त्याच आरेच्या रस्त्यावर पहाटे उभे राहिले, तर प्रश्नाचे रूप किती पालटले आहे ते दिसते. वजन उतरवण्यासाठी झपाझप चालणारी माणसे गोरेगाव, अंधेरी आणि पवईहून येथे येतात. रस्त्यापासून थोड्याच अंतरावर वनवासी पाडे आहेत आणि तेथील कष्टकरी भगिनीला वजन घटवण्याची नव्हे, अंगात रक्त टिकवण्याची चिंता आहे. एका बाजूला अतिपोषण, दुसऱ्या बाजूला कुपोषण. दोन्हींचा घाव एकाच ठिकाणी बसतो, आणि ते ठिकाण म्हणजे स्त्रीचे प्रजनन आरोग्य. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

गोठ्यातील अनुभव आणि चरकाचे निरीक्षण

हा संबंध शास्त्रज्ञांनी प्रथमच शोधून काढला असे नाही. गुरे पाळणाऱ्या कोणत्याही जाणत्या माणसाला तो ठाऊक असतो. चाऱ्यावाचून हाडे निघालेली म्हैस वेळेवर माजावर येत नाही आणि खुराक देऊन देऊन अंगावर चरबी चढलेली म्हैसही गाभ राहायला त्रास देते. म्हणून मध्यम अंगाचे जनावर तो उत्तम मानतो. स्त्रीची तुलना पशूशी करण्याचा येथे हेतू नाही. निसर्गाचा नियम सर्व सस्तन प्राण्यांना सारखाच लागू आहे, एवढेच सांगायचे आहे. गर्भ वाढवणे हे शरीराच्या दृष्टीने फार मोठे, खर्चाचे काम आहे. शिलकीचा हिशेब बिघडला, मग तो तुटीचा असो वा साठेबाजीचा, की शरीर हे काम पुढे ढकलते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात ज्या आठ प्रकारच्या शरीरांना दोषास्पद म्हटले आहे, त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोहोंचा समावेश आहे. स्थूलतेने होणारे दोष सांगताना चरकाने कामजीवनातील अडचणीचाही उल्लेख केला आहे. या निरीक्षणाचा सार्थ अभिमान बाळगावा. परंतु एवढ्यावर समाधान मानून बसणे हा त्या परंपरेचा सन्मान ठरणार नाही. ‘काय घडते’ हे पूर्वजांनी पाहिले. ‘कसे घडते’ हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने उलगडले. दोन्ही समजून घेतले पाहिजे.

चरबी ही केवळ साठवण नव्हे

फार काळ असे मानले जात होते की, चरबी म्हणजे शरीराचे धान्याचे कोठार. पडून राहते आणि लागेल तेव्हा वापरले जाते. १९७४ साली रोझ फ्रिश आणि जॅनेट मॅकआर्थर या अमेरिकेतील संशोधक स्त्रियांनी असे मांडले की, मासिक पाळी सुरू होण्यासाठी आणि टिकण्यासाठी शरीरात चरबीचे किमान प्रमाण असावे लागते. पुढे १९९४ साली लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला. ते चरबीच्या पेशींतूनच स्रवते आणि मेंदूला ‘कोठारात धान्य किती आहे’ याची वर्दी देते. वर्दी क्षीण झाली की मेंदू बीजांडकोशाला काम थांबवण्याचा निरोप धाडतो. कडक उपासमार करणाऱ्या मुलींची पाळी बंद पडते ती यामुळे.

चरबी जास्त झाली की बिघाड वेगळ्या वाटेने येतो. पोटाभोवती चरबी साठली की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन तयार करते. रक्तातील हे वाढीव इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवण्यास उद्युक्त करते. त्याच वेळी या संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होऊ लागते. परिणामी बीजकोशांची वाढ अर्ध्यावर थांबते, बीज बाहेर पडत नाही, पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते. चेहऱ्यावर लव आणि मुरुमे दिसू लागतात.

याचा आणखी एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही. चरबीच्या पेशी पुरुषी संप्रेरकाचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. बीज बाहेर न पडल्यामुळे त्याला तोलून धरणारे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. मग गर्भाशयाचे अस्तर वाढतच राहते आणि वर्षानुवर्षे असे चालले तर त्यात कर्करोगाचा धोका उत्पन्न होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली स्थूलतेशी निगडित अशा तेरा कर्करोगांची नोंद केली. गर्भाशयाच्या अस्तराचा आणि पाळी थांबल्यानंतरच्या स्तनाचा कर्करोग हे दोन्ही त्यांत आहेत. म्हणून ‘मुले झाली, आता पाळी चुकली तरी काय बिघडले?’ असे म्हणणे सर्वथा चुकीचे आहे.

मुंबईच्या मुलींचा प्रश्न

१९३५ साली शिकागोचे स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी ज्या विकाराचे वर्णन केले, तो आज ‘पीसीओएस’ किंवा बोलीभाषेत ‘पीसीओडी’ या नावाने घरोघरी परिचित आहे. नावात गाठींचा उल्लेख असल्यामुळे मुली आणि त्यांच्या आया घाबरून जातात. प्रत्यक्षात त्या गाठी नसतात, अर्ध्यावर वाढ थांबलेले बीजकोश असतात. त्यांवर शस्त्रक्रिया करून ‘गाठी काढून टाका’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

या विकाराचा मुंबईतील अभ्यास परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत वस्त्यांमध्ये जाऊन १५ ते २४ वयोगटातील ७७८ मुलींची तपासणी करण्यात आली होती. सैल निकष लावले तर २२.५ टक्के आणि कडक निकष लावले तर १०.७ टक्के मुलींमध्ये हा विकार आढळला. २०२४ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या कृतिगटाने देशाच्या विविध भागांतील १८ ते ४० वयाच्या सुमारे नऊ हजार स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातही निकषांनुसार हे प्रमाण ७.२ ते १९.६ टक्के निघाले. पाहणीतील पीसीओएसग्रस्त स्त्रियांपैकी ४३ टक्के स्थूल होत्या आणि ९० टक्क्यांहून अधिक स्त्रियांच्या रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडलेले होते.

मुंबईच्या पाहणीतील आणखी एक आकडा विशेष लक्ष देण्याजोगा आहे. सैल निकषांनुसार ज्या मुलींना हा विकार असल्याचे दिसले, त्यांच्यापैकी जवळजवळ ७२ टक्के मुली स्थूल नव्हत्या! तेव्हा ‘तू जाड आहेस म्हणून तुला हे झाले’ हे वाक्य बहुसंख्य मुलींच्या बाबतीत खोटे आहे. या विकाराचे मूळ अनुवंशिक घडणीतही असते. स्थूलता त्याला खतपाणी घालते आणि हा विकारही वजन वाढायला हातभार लावतो. कारण आणि परिणाम यांचे असे चक्र असताना मुलीला दोषी ठरवणे अन्यायाचे आहे. २०२३च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही वजनावरून होणारी अवहेलना हीच आरोग्याला घातक असल्याचे स्पष्टपणे नमूद केले आहे. वयात आल्यापासून पहिली आठ वर्षे केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, अशीही त्यांची शिफारस आहे. त्या वयात बीजकोश अधिक दिसणे स्वाभाविक असते. सोळा वर्षांच्या मुलीच्या हाती सोनोग्राफीचा कागद देऊन तिला ‘तुला मूल होणार नाही’ असे ऐकवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

सडपातळ दिसणारी स्थूलता

मग स्थूल कोणाला म्हणावे? उंची-वजनाच्या गुणोत्तरावरून, म्हणजे बीएमआयवरून, पाश्चात्त्य देशांत ३०च्या वर स्थूलता मानतात. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी २००९ सालीच २३ ही वाढत्या वजनाची आणि २५ ही स्थूलतेची मर्यादा सुचवली. याचे कारण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामातून उत्तम रीतीने समजते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही बीएमआय तंतोतंत २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काटा दोघांनाही सारखाच दाखला देत होता. शरीरे मात्र वेगळी होती.

याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथील बाळे जन्मतः सरासरी सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधील बाळांपेक्षा कितीतरी लहान. तरीही त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. ‘बारीक पण चरबीदार’ अशी ही बाळे. गर्भातच अर्धपोटी राहिलेले शरीर पुढे मिळेल ते साठवून ठेवण्याच्या तयारीने जन्माला येते. म्हणजे आरेच्या रस्त्यावर दिसणारे दोन प्रश्न वस्तुतः एकाच साखळीचे दुवे आहेत. कालच्या आजीच्या आणि आईच्या अर्धपोटी दिवसांचे ओझे आजच्या मुलीच्या कमरेवर उतरते.

यासाठी वजनकाट्याइतकीच किंबहुना अधिक उपयोगाची वस्तू म्हणजे शिंप्याची टेप. स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरहून अधिक असेल तर सावध व्हावे, मग काटा काहीही दाखवो. २०१९-२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाश्चात्त्य मर्यादेने मोजूनही देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त होते. त्याआधीच्या पाहणीत ते प्रमाण २०.६ टक्के होते. आणि त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. वजन भरपूर आणि रक्त अपुरे अशा भगिनी याच देशात, आपल्याच इमारतीत आहेत. पोट भरते आहे, पोषण होत नाही.

मुंबईच्या वस्त्यांतील ‘सरस’

यावर उपाय काय, याचेही एक उत्तर मुंबईतच शोधले गेले. २००६ ते २०१२ या काळात मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये ‘सरस’ नावाचा प्रकल्प राबवण्यात आला. डॉ. रमेश पोतदार आणि त्यांचे सहकारी यांनी ब्रिटनमधील डॉ. कॅरोलिन फॉल यांच्यासमवेत तो आखला. साडेसहा हजार स्त्रियांना त्यात सामावून घेण्यात आले. निम्म्या स्त्रियांना त्यांच्या रोजच्या जेवणाखेरीज पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला एक पदार्थ रोज देण्यात आला आणि निम्म्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांपासून केलेला. गोळ्या नाहीत, इंजेक्शने नाहीत. रोजचा एक खाऊ, पण तो गर्भधारणेच्या आधीपासून.

निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडले गेले. सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने हा पदार्थ खाल्ला, त्यांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने वजनदार झाली. अतिशय कृश मातांना मात्र हा लाभ मिळाला नाही. एवढ्या खोल तुटीला एक खाऊ पुरला नाही, असाच याचा अर्थ लावता येईल. पण दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. गर्भारपणात होणाऱ्या मधुमेहाचे प्रमाण बटाटा-कांदा गटात १२.४ टक्के होते. पालेभाजी, फळे आणि दूध घेणाऱ्या गटात ते ७.३ टक्के निघाले. गर्भारपणातील मधुमेह हा स्थूल मातांपुढचा एक मोठा धोका. रक्तदाब, शस्त्रक्रियेने प्रसूती, गर्भपात यांची शक्यताही वाढत्या वजनाबरोबर वाढते. आईला हा मधुमेह झाला तर पुढे तिला आणि बाळालाही मधुमेहाची टांगती तलवार असते.

मातृत्वाची तयारी ‘दिवस गेल्यावर’ नव्हे, त्याच्या कितीतरी आधी सुरू व्हावी, हा ‘सरस’चा धडा आहे. पावसाळ्यात आरेच्या परिसरात उगवणारा टाकळा, फोडशी, करटोली या भाज्या आणि त्या ओळखणाऱ्या वनवासी भगिनी यांचे मोल या दृष्टीने पाहिले तर फार मोठे आहे.

वजन घटवताना घ्यायची सावधगिरी

वजनात पाच ते दहा टक्के घट झाली तरी अनेक स्त्रियांची पाळी नियमित होते, बीज सुटू लागते. ऐंशी किलोच्या भगिनीने चार ते आठ किलो कमी करणे एवढाच त्याचा अर्थ. मात्र वजन घटले म्हणजे मूल होईलच, अशी हमी कोणी देऊ नये. नेदरलँड्समध्ये वंध्यत्वाच्या उपचारासाठी आलेल्या ५७७ स्थूल स्त्रियांवर झालेला अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला सहा महिने आहार-व्यायामाचे मार्गदर्शन करून मग उपचार देण्यात आले, दुसऱ्या गटाला लगेच उपचार. मार्गदर्शन मिळालेल्या गटात उपचारांवाचून, नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याचे प्रमाण अधिक होते. परंतु निरोगी बाळाच्या नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण, जो अभ्यासाचा मुख्य निकष होता, त्यात ते २७.१ टक्के आणि थेट उपचार घेणाऱ्यांत ३५.२ टक्के होते. म्हणून पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीला ‘आधी वीस किलो कमी कर, मग बघू’ असे सांगून तिची मोलाची वर्षे दवडणे योग्य नाही. वय आणि वजन या दोन्हींचा तोल तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याने साधला पाहिजे.

दुसरी सावधगिरी नव्या इंजेक्शनांबाबत. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजन घटवण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतात आले. ही औषधे परिणामकारक आहेत, यात शंका नाही. परंतु वजन उतरू लागताच थांबलेले बीजमोचन पुन्हा सुरू होऊ शकते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहू शकतात. गर्भावस्थेत ही औषधे घ्यायची नसतात. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने जून २०२५ मध्ये स्त्रियांना स्पष्ट सूचना दिली : औषध घेत असताना गर्भनिरोधनाची काळजी घ्यावी, सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आणि टिर्झेपटाइड किमान एक महिना आधी बंद करावे. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, हेही त्यात सांगितले आहे. मैत्रिणीने घेतले म्हणून किंवा लग्न तोंडावर आले म्हणून ही औषधे परस्पर घेणे धोक्याचे आहे.

कर्तव्य कोणाचे?

येथवरचे विवेचन ऐकून एखादी सासू घरी जाऊन सुनेच्या ताटातली पोळी मोजू लागली, तर या व्याख्यानाचा उलटाच उपयोग झाला असे म्हणावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगातील साधारण सहापैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला सामोरे जावे लागते. येथे ‘व्यक्ती’ हा शब्द महत्त्वाचा आहे, ‘स्त्री’ नव्हे. पुरुषाच्या सुटलेल्या पोटामुळे त्याच्या शरीरातील पुरुषी संप्रेरक घटते, शुक्रजंतूंची संख्या आणि गुणवत्ता खालावते. तरीही तपासण्यांच्या फायली घेऊन फिरते ती सून, आणि नवस बोलले जातात ते तिच्या नावाने. पहिल्या भेटीतच दोघांची तपासणी व्हावी, हा साधा न्याय आहे.

आणि स्त्रीचे वजन वाढते तरी का, याचाही विचार घराने करावा. ती सर्वांच्या आधी उठते, सर्वांच्या शेवटी झोपते. उरलेले वाया जाऊ नये म्हणून शिळेपाके स्वतः संपवते. लोकलच्या गर्दीत दोन-दोन तास उभी राहून आल्यावर स्वयंपाकघरात शिरते. तिला चालायला वेळ कोण देणार? आठवड्याला किमान दीडशे मिनिटे अंगातून घाम निघेल असे चालावे, अशी शिफारस आहे. दिवसाकाठी हिशेब पंचवीस मिनिटांचाही नाही. एवढी मिनिटे तिच्या हाती यावीत म्हणून सकाळचा चहा घरातील पुरुषाने केला, तर तो संशोधनाने सांगितलेल्या उपचाराचाच भाग ठरेल.

पथ्यही तिच्या एकटीसाठी वेगळे नको. घरातील तेलाचा डबा महिन्याकाठी किती लवकर संपतो, हे सर्वांनी पाहावे. बिस्किटे, शीतपेये, फरसाण घरात येतात कशी, हे विचारावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक हे जेवण कोणत्याही महागड्या आहारपत्रकापेक्षा उणे नाही. ते सर्वांनी खाल्ले तर कोणा एकीला ‘पथ्यावर’ असल्याची लाज वाटणार नाही. मुलींना शाळा सुटल्यावर मैदानाची वाट मोकळी ठेवावी. वयात आली म्हणून खेळ बंद, ही जुनी चूक पुन्हा करू नये. आणि पाळी सलग तीन महिने चुकली, तर कुजबुज करत न बसता डॉक्टरांकडे जावे.

पंचाहत्तर वर्षांपूर्वी आरे उभे राहिले, तेव्हा माता-बालकांचे पोषण हे संपूर्ण शहराचे काम मानले गेले होते. एखाद्या आईने स्वतःच म्हैस पाळून दूध मिळवावे, असे कोणी म्हटले नाही. आज प्रश्न बदलला आहे, जबाबदारी मात्र तीच आहे. घरातील लेक आणि सून निरोगी राहावी ती केवळ मूल व्हावे म्हणून नव्हे, तर तिचे शरीर हे प्रथम तिचे स्वतःचे आहे म्हणून. मातृत्व हे त्या आरोग्याचे एक फळ आहे, त्याची अट नव्हे. एवढा विचार येथून प्रत्येकाने घरी न्यावा आणि उद्या सकाळी आपल्या घरातील स्त्रीला पंचवीस मिनिटे मोकळी करून द्यावीत.